हनुवटीवरचे बोट आणि इंजेक्शनाची दुसरी फेरी

पत्र : मी ४८ वर्षांची असून इंदूरमधील एका शाळेत गणित शिकवते. दीड वर्षापूर्वी माझी मान आपोआप डावीकडे वळू लागली. मान लचकली असेल असे समजून सुरुवातीला शेक घेतला. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून ‘सर्व्हायकल’ असल्याचे सांगितले आणि मानेचा पट्टा, ट्रॅक्शन व वेदनाशामक गोळ्यांमध्ये आठ महिने गेले. मधे एका मालिशवाल्याने झटका देऊन मान मोडली, त्यानंतर त्रास वाढला. अखेर एका न्यूरोलॉजिस्टनी ‘सर्व्हायकल डिस्टोनिया’ असे निदान केले आणि फेब्रुवारीच्या मध्यात मानेत बोटॉक्सची इंजेक्शने दिली. वेदना निम्म्याने कमी झाल्या; पण मान वळायची ती वळतेच, शिवाय तीन आठवडे गिळताना घास अडकत होता. पैसे पाण्यात गेले, असे घरी सर्वांना वाटते. हनुवटीला बोट लावले की मान सरळ होते, म्हणून शाळेतल्या एक-दोघी हे मनाचे खेळ आहेत असे म्हणतात. डोके ‘नाही नाही’ म्हणावे तसे हलत राहते. परवा एका मुलाने बरोबर उत्तर सांगितले आणि माझे डोके हलताना पाहून त्याने ते वहीतून खोडून टाकले. जूनच्या अखेरीस मुलीचे लग्न आहे. पुन्हा इंजेक्शन घ्यावे, की मुंबईला जाऊन ऑपरेशनबद्दल विचारावे? दोन-तीन वर्षांपासून ॲसिडिटीची एक गोळी चालू आहे, दुसरे औषध नाही.
— एक शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर :

प्रिय ताई,

पुन्हा इंजेक्शन घ्यावे का, या प्रश्नाचे उत्तर आधी देते : घ्यावे, आणि मे महिन्यात घ्यावे, मात्र पहिल्या वेळेसारखे, काय दिले, किती दिले आणि कुठे दिले हे काहीच न विचारता घेऊ नये. मी डॉक्टर नाही. हा आजार मला ११ वर्षांपासून आहे, मानेतल्या इंजेक्शनांच्या २६ फेऱ्या माझ्या झाल्या आहेत आणि एवढ्या काळात माझ्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून जे समजून घेतले, त्याच्या आधारावर मी हे लिहीत आहे. औषध कोणते आणि किती, हा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टचाच राहील.

आपल्या माळव्यात ‘सर्व्हायकल’ हे आजाराचेच नाव होऊन बसले आहे. मान दुखली, चक्कर आली किंवा हाताला मुंग्या आल्या की शेजारीणही ‘सर्वाइकल है’ असे सांगते आणि औषधांच्या दुकानदारालाही तेच वाटते. वास्तविक त्या शब्दाचा अर्थ ‘मानेचा’ एवढाच आहे. मणक्यांची झीज हा मानेच्या हाडांचा आणि त्यांमधल्या चकत्यांचा प्रश्न आहे. डिस्टोनियाचे मूळ मेंदूत असते : हालचालींचा ताळमेळ राखणारे बेसल गँग्लिया, लहान मेंदू आणि त्यांना जोडणारे मार्ग यांच्या कामात बिघाड होऊन मानेच्या काही ठरावीक स्नायूंना, आपली इच्छा नसताना, आकसून राहण्याचा हुकूम जात राहतो. हा बिघाड एमआरआयमध्ये बहुधा दिसत नाही. दिसते ती मणक्यांची थोडीफार झीज, जी पंचेचाळिशीनंतर कसलीही तक्रार नसलेल्या अनेकांच्या मानेत असते. म्हणून चित्रात झीज सापडली की शोध तिथेच थांबतो. डिस्टोनियाचे निदान डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून, त्याची मान डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून करावे लागते.

माझीही अडीच वर्षे या एका शब्दात गेली. रोज सायंकाळी एका क्लिनिकमध्ये हनुवटीखाली पट्टा अडकवून वजने लावून मान ताणली जात असे, आणि घरी परतेपर्यंत ती पूर्वीपेक्षा अधिक जोराने वळलेली असे. तुमच्या मालिशवाल्यासारखा एक माणूस मलाही भेटला होता. त्याने दिलेल्या झटक्यानंतर दोन दिवस मला भिंत धरून चालावे लागले. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात, आणि झटक्याने त्यांचे अस्तर फाटले तर पक्षाघात होऊ शकतो, हे तेव्हा मला कोणी सांगितले नव्हते. म्हणून तुम्हाला विनंती आहे की यापुढे कोणालाही, केस कापणाऱ्याला किंवा घरातल्या माणसालासुद्धा, मान मोडू देऊ नका. कोमट तेलाचा हलका हात फिरवून घेतल्याने आराम पडत असेल तर खुशाल घ्या. नातेवाईक ‘मन्यास्तंभ’ (मान आखडण्याला आयुर्वेदात दिलेले नाव) म्हणून काढे सुचवतील, त्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्यासाठी मूळ उपचार पुढे ढकलू नका. मानेचा पट्टा मात्र कपाटात ठेवून द्या. तो आकसणाऱ्या स्नायूला रोखू शकत नाही, आणि रोज तासन्‌तास बांधल्याने उरलेले स्नायू दुबळे होतात.

आता हनुवटीवरच्या बोटाबद्दल लिहिते, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला तीच वाटते. हनुवटीला, गालाला किंवा डोक्याच्या मागच्या बाजूला हलका स्पर्श केला की मान काही क्षण सरळ होणे, ही या आजाराची जुनी आणि डॉक्टरांच्या चांगली परिचयाची खूण आहे. बोटाने मान ढकलली जात नाही. एवढ्याशा स्पर्शात तेवढी ताकदच नसते. स्नायूंमधील विजेची हालचाल मोजली, तर काही रुग्णांमध्ये बोट हनुवटीला टेकण्याच्या आधी, नुसता हात वर येताच ती कमी झालेली दिसते. स्पर्शाची सूचना मेंदूपर्यंत पोहोचते आणि चुकीचा हुकूम थोडा वेळ सैल पडतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे जी गोष्ट तुमच्या सहकारी ढोंगाचा पुरावा म्हणून दाखवतात, तीच न्यूरोलॉजिस्टसाठी निदानाचा भक्कम आधार आहे. मला स्कूटरवर बसताना चेहऱ्याभोवती गुंडाळलेल्या स्कार्फाने असाच आराम मिळत असे, आणि स्कार्फ सोडला की पाच मिनिटांत मान पुन्हा वळत असे. त्यामागचे कारण मला फार उशिरा कळले. उंच पाठीच्या खुर्चीला किंवा भिंतीला डोके मागून टेकवून पाहा. कदाचित तुम्हाला तेही लागू पडेल. काहींच्या बाबतीत या युक्तीचा परिणाम काळाने ओसरतो, म्हणून उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही, पण वर्गातल्या ३५ मिनिटांसाठी तिचा उपयोग निःसंकोच करावा.

‘डिस्टोनिया’ हा शब्द १९११ मध्ये हेर्मान ओपेनहाइम या जर्मन मेंदूविकारतज्ज्ञाने रूढ केला, तरीही त्यानंतर कित्येक दशके वाकड्या मानेच्या रुग्णांची मानसिक रुग्णांत गणना होत राहिली. त्या जुन्या समजाचे अवशेष अजून आपल्या भोवती आहेत. ताणाने, थकव्याने आणि चारचौघांच्या नजरेने हा त्रास वाढतो हे खरे आहे. झोपेत तो जवळजवळ नाहीसा होतो आणि उठल्यावर तासभर बरे वाटते, हेही खरे आहे. पण ताणाने रक्तदाब वाढतो म्हणून रक्तदाबाला कोणी मनाचा खेळ म्हणत नाही. चिंता आणि उदासी मात्र या आजारासोबत पुष्कळदा येतात. तुम्ही त्याविषयी लिहिलेले नाही, तरीही झोप उडाली असेल, माणसांत जाणे नकोसे झाले असेल किंवा विनाकारण रडू येत असेल, तर ते न्यूरोलॉजिस्टना वेगळे सांगा, कारण त्यावर वेगळे आणि चांगले उपचार आहेत. मी स्वतः तीन वर्षे एकाही हळदीकुंकवाला गेले नाही. एका घरी कुंकू लावताना माझे डोके हलले आणि कुंकवाचे बोट कपाळावरून कानशिलापर्यंत ओढले गेले. सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. मी घरी येऊन तोंड धुतले आणि त्यानंतर जाणेच सोडले. ती तीन वर्षे सोडायला नको होती, असे आज वाटते.

त्या मुलाशी मात्र पुढच्याच तासाला बोला. संपूर्ण वर्गाला सांगा की माझ्या मानेचे स्नायू माझे ऐकत नाहीत, डोके आपोआप हलते, आणि उत्तर बरोबर की चूक हे मी तोंडाने सांगेन, ते ऐकल्याशिवाय कोणी काही खोडायचे नाही. मुलांना एकदा कारण कळले की ती पाहायची थांबतात. सहकाऱ्यांपैकी ज्यांच्याशी बोलावेसे वाटते त्यांना हनुवटीच्या स्पर्शाचे कारण सांगा. बाकीच्यांना पटवण्यात शक्ती खर्च करू नका.

आता इंजेक्शनाकडे वळते. बोटॉक्समधले औषध, म्हणजे बोटुलिनम टॉक्सिन, हे एका जिवाणूपासून मिळणारे विष आहे, आणि हे ऐकून घरातली माणसे घाबरतात. उपचारात त्याची अतिशय अल्प मात्रा थेट स्नायूत दिली जाते. नस आणि स्नायू जिथे जोडलेले असतात तिथे नसेकडून ॲसिटिलकोलिन हे द्रव्य सुटते आणि त्यानेच स्नायू आकसतो; हे औषध त्या द्रव्याचे सुटणे बंद करते. ॲलन स्कॉट या सॅन फ्रान्सिस्कोच्या नेत्रतज्ज्ञांनी तिरळेपणासाठी त्याचा वापर सुरू केला. अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांच्या विकारांसाठी आणि २००० मध्ये मानेच्या डिस्टोनियासाठी त्याला मान्यता मिळाली, आणि आज या आजारावरचा पहिला उपचार म्हणून जगभर तेच दिले जाते. परिणाम काही दिवसांनी जाणवू लागतो, कधी दोन आठवडेही लागतात. चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास तो सर्वाधिक असतो, आणि साधारण १२ आठवड्यांनी नस पुन्हा कामाला लागल्यामुळे ओसरतो. म्हणूनच ते दर तीन-चार महिन्यांनी घ्यावे लागते. याला औषधाची सवय लागणे म्हणत नाहीत. चष्मा रोज लावावा लागतो तसेच हे आहे. १२ आठवड्यांच्या आत पुन्हा घेण्याची घाई करू नये, कारण फार जवळजवळ घेतल्याने शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन औषध निकामी ठरण्याची शक्यता वाढते. तुमची पहिली फेरी फेब्रुवारीच्या मध्यात झाली, म्हणजे पुढची तारीख मेच्या दुसऱ्या आठवड्यानंतरची धरा. तेव्हा शाळेला सुट्टीही असेल.

पहिली फेरी वाया गेली, हे घरच्यांचे मत मला मान्य नाही. वेदना निम्म्यावर आल्या याचा अर्थ औषध तुमच्या स्नायूंवर काम करते, हे सिद्ध झाले. मान सरळ झाली नाही याचे सर्वांत संभाव्य कारण असे की ज्या स्नायूंमुळे ती वळते, त्यांपैकी सगळ्यांपर्यंत ते पोहोचले नाही, किंवा एखाद्यात कमी आणि एखाद्यात जास्त गेले. हे समजण्यासाठी एक करून पाहा. उजव्या हाताची बोटे मानेच्या उजव्या बाजूला, कानामागून छातीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू असतो त्यावर ठेवा आणि चेहरा डावीकडे वळवा. बोटांखाली दोरीसारखा ताठ होणारा तो स्नायू उजवीकडचा आहे, आणि तो चेहरा डावीकडे फिरवतो. त्याच वेळी मानेच्या मागचा डावीकडचा स्नायू डोके आपल्या बाजूला ओढतो. त्याखाली कवटीच्या तळाशी, वरच्या दोन मणक्यांमध्ये, एक लहानसा खोल स्नायू असतो. तोही डोके फिरवतो, पण बाहेरून हाताला लागत नाही. खांदा वर उचलला जात असेल तर आणखी एक स्नायू त्यात सामील असतो. मान डावीकडे वळते म्हणून डावीकडेच सुया द्याव्यात, इतके ते सोपे नाही. प्रत्येकाची मान वेगळी असल्यामुळे पहिल्या फेरीत डॉक्टर अंदाज बांधतात, आणि दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत तो सुधारतात. माझ्या पहिल्या फेरीने काहीच झाले नव्हते, दुसरीने वेदना गेल्या. तिसऱ्या फेरीनंतर नवव्या दिवशी सकाळी तुळशीला पाणी घालताना माझ्या लक्षात आले की माझे दोन्ही हात तांब्यावर आहेत. एरवी एक हात कायम हनुवटीला असायचा.

घास अडकण्याचेही कारण इथेच आहे. समोरच्या त्या तिरक्या स्नायूत दिलेले औषध थोडे पसरून घशाच्या स्नायूंपर्यंत गेले, की गिळणे जड होते. हा या उपचाराचा सर्वपरिचित दुष्परिणाम असून काही आठवड्यांत तो आपोआप जातो. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, म्हणजे त्या स्नायूतली मात्रा कमी करता येते किंवा ती अधिक वरच्या भागात देता येते. तसे पुन्हा झाले तर आठवडाभर मऊ खिचडी, दहीभात असे खावे, लहान घास घ्यावेत आणि जेवताना बोलू नये. पाणीसुद्धा श्वासनलिकेत जाऊन ठसका लागू लागला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर वाट न पाहता इस्पितळ गाठावे. दुसऱ्या एखाद्या आजारासाठी जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने द्यायची वेळ आली, तर मानेत हे औषध घेतल्याचे त्या डॉक्टरांना सांगावे, कारण त्या दोन औषधांनी याचा परिणाम वाढू शकतो.

मेमध्ये जाण्यापूर्वी फेब्रुवारीतल्या फेरीची लेखी नोंद मागून घ्या. कोणत्या स्नायूंत औषध दिले, प्रत्येकात किती युनिट दिले आणि कुपी कोणत्या कंपनीची होती, एवढे त्यात असले पाहिजे. बोटॉक्सचे १०० युनिट आणि डिसपोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाचे १०० युनिट सारखे नसतात, म्हणून नुसत्या आकड्याने नव्या डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. सुई योग्य स्नायूतच जाते हे पाहण्यासाठी ईएमजी (स्नायूंमधील विजेची हालचाल मोजणारे यंत्र) किंवा सोनोग्राफीचा उपयोग करता का, असेही विचारा. खोल स्नायूसाठी तो विशेष महत्त्वाचा आहे. हे प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्या डॉक्टरांना ते खटकतात, त्यांच्याकडे दर तीन महिन्यांनी जाणे अवघड होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. कुपी तुम्हाला स्वतः विकत आणायला सांगितली, तर ती बर्फाच्या डब्यातून आणा. न उघडलेली बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि आपल्या मेच्या उन्हात रिक्षात तासभर पिशवीत राहिलेल्या कुपीचा भरवसा कोणी देऊ शकत नाही. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख वहीत टिपून ठेवा. खर्च मोठा आहे, त्यामुळे विमा असेल तर तो दिवसभराच्या उपचारात धरतात की ओपीडीत, हे कंपनीकडून आधी लेखी मागवा. सरकारी दरात चौकशी करायची असेल तर एमजीएम मेडिकल कॉलेजशी जोडलेल्या एम. वाय. हॉस्पिटलच्या यंत्रणेतून सुरुवात करावी. भोपाळचे एम्सही एका दिवसात जाऊन येण्याजोगे आहे. ‘न्यूरोलॉजिस्ट’ एवढ्याने भागत नाही, डिस्टोनियाची इंजेक्शने ते नियमित देतात का, हे फोनवरच विचारून घ्यावे.

तुम्ही गणिताच्या असल्यामुळे एक काम तुम्हाला आवडेल असे वाटते. या आजाराची तीव्रता मोजण्यासाठी डॉक्टर टोरांटोमध्ये तयार झालेली एक मोजपट्टी वापरतात. तिचे एकूण गुण ८५ : मान किती वळते व हलते याला ३५, दैनंदिन कामातल्या अडचणीला ३० आणि वेदनेला २०. तुम्ही घरी इतके बारीक करू नका, पण दर रविवारी सकाळी वेदनेला १० पैकी गुण द्या, आणि फळ्यावर न थांबता किती ओळी लिहिता येतात ते टिपा. त्याच वेळी मुलीकडून मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रीकरण करून घ्या : स्टुलावर ताठ बसून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून आणि मानेला जिकडे जायचे तिकडे जाऊ देऊन. डोळे मिटल्यावर आपण नकळत करत असलेली सरळ करण्याची धडपड थांबते आणि मान खरोखर कोणीकडे ओढली जाते ते दिसते. दवाखान्यात घाबरून मान कधी जास्तच वळते, तर कधी नेमकी सरळ राहते. अशा वेळी हे चित्रीकरण फार उपयोगी पडते.

ॲसिडिटीच्या गोळीची पट्टी आजच डोळ्यांसमोर धरून वाचा. आपल्याकडे पोटाच्या अनेक गोळ्यांमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड हे मेंदूतल्या डोपामिनचे काम अडवणारे औषध असते. मळमळीवरचे मेटोक्लोप्रामाइड, चक्करीवरचे प्रोक्लोरपेराझिन व सिनॅरिझिन आणि डोकेदुखीवरचे फ्लुनारिझिन ही त्याच जातीची किंवा तसाच परिणाम करणारी औषधे आहेत. ती महिनोन्‌महिने घेतल्याने काहींना डिस्टोनिया किंवा कंपवातासारखी लक्षणे होतात. तुमच्या बाबतीत हेच कारण आहे, असा माझा दावा नाही. परंतु तुम्ही ही गोळी जाता जाता, पत्राच्या शेवटच्या ओळीत सांगितलीत, आणि डॉक्टरांनाही तशीच सांगितली असेल किंवा सांगितलीच नसेल, अशी मला शंका आहे. पट्टीवर लेव्होसल्पिराइड असेल तर ती पट्टी घेऊन याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना भेटा. आजार पन्नाशीच्या आत सुरू झाला असल्यामुळे विल्सन्स डिसीज (शरीरात तांबे साठत जाण्याचा आजार) नाही ना, हे पाहण्यासाठी सेरुलोप्लाझ्मिनची रक्ततपासणी आणि डोळ्यांची स्लिट लॅम्प तपासणी झाली आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.

तोंडाने घ्यायच्या गोळ्या या आजारात दुय्यम आहेत. ट्रायहेक्सिफेनिडिलने तोंड कोरडे पडते आणि विसरायला होते. वर्गात उभे राहून आकडेमोड करणाऱ्या व्यक्तीसाठी हे लहान नुकसान नव्हे. क्लोनाझेपामने झोप येते आणि ते अचानक बंद करता येत नाही. ऑपरेशन म्हणजे मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात बारीक तारा बसवून छातीतल्या यंत्रातून विजेची स्पंदने देणे. त्याने अनेकांना चांगला गुण येतो आणि बंगळुरूचे निम्हान्स, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था, दिल्लीचे एम्स येथे ते होते. पण ज्यांना योग्य रीतीने दिलेल्या इंजेक्शनांच्या अनेक फेऱ्यांनीही गुण येत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. एका फेरीनंतर अवंतिका एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला जायचेच असेल, तर ऑपरेशन विचारायला न जाता इंजेक्शनाचा नकाशा, म्हणजे कोणत्या स्नायूत किती औषध द्यायचे ते, तपासून घेण्यासाठी जा.

फिजिओथेरपी इंजेक्शनानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, स्नायू सैल झालेला असताना सुरू करावी. आकसलेला स्नायू हलके ताणणे आणि विरुद्ध बाजूच्या, वापराविना आळसावलेल्या स्नायूला हळूहळू ताकद देणे, आरशासमोर बसून डोके मध्यावर आणून पाच सेकंद धरणे, एवढ्यानेच सुरुवात होते. आजार सुरुवातीची काही वर्षे वाढतो आणि मग बहुतेकांचा एका पातळीवर स्थिरावतो. थोड्या जणांचा आपोआप शमतो, पण पुढे तो पुष्कळदा परत येतो. आयुष्य त्याने कमी होत नाही.

तोपर्यंत बसण्याच्या जागा बदला. तुमची मान डावीकडे जाते, म्हणून माणसे तुमच्या डाव्या हाताला येतील असे बसा : पंगतीत उजव्या टोकाला, स्टाफरूममध्ये उजव्या भिंतीशी, आणि ‘सानंद’ या आपल्या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला गेलात तर सभागृहाच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर, म्हणजे रंगमंच आपोआप डावीकडे येतो. वह्या तपासताना त्या मांडीवर न घेता टेबलावर, उतरत्या फळीवर, किंचित डावीकडे ठेवा. स्कूटर मात्र मे-जूनपर्यंत बंद ठेवा. उजवीकडून ओव्हरटेक करणारी गाडी तुम्हाला वेळेवर दिसणार नाही, आणि राजेंद्रनगरच्या पुलाजवळ आरशाच्या भरवशावर राहणे योग्य नाही.

लग्नाचे गणित जमते आहे. मेच्या मध्यात इंजेक्शन घेतले तर जूनच्या अखेरीस सहावा आठवडा असेल, म्हणजे परिणाम भरात असेल आणि गिळण्याचा त्रास झालाच तर तोही बहुधा ओसरलेला असेल. तारीख आताच घेऊन ठेवा, कारण ती दोन-तीन आठवडे पुढे गेली तर नेमका लग्नाच्या जेवणाच्या वेळी घास अडकण्याचा काळ येईल. दुपारच्या विधींनंतर अर्धा तास एका खोलीत आडवे पडायची सोय कार्यालयात करून घ्या, आणि त्या अर्ध्या तासात तुम्हाला कोणी उठवणार नाही याची जबाबदारी एखाद्या बहिणीवर सोपवा. फोटो काढणाऱ्याला आदल्या दिवशी भेटून सांगा की समोर उभे न राहता थोडे तुमच्या डाव्या हाताला उभे राहायचे. माझ्या भाच्याच्या लग्नात आम्ही असेच केले होते. त्या फोटोंमध्ये मी सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे.